घरच्या गाडीचाही एकदा काटा करून बघा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात दर दोन-चार दिवसांनी कुठल्या ना कुठल्या घाटातल्या अपघाताची बातमी असते आणि त्यात एक वाक्य ठरलेलं असतं, चालकाचा गाडीवरील ताबा सुटल्याने. ताबा सुटला हे खरं असेल, पण का सुटला हे पुढं कोण विचारत नाही. माणसं किती होती, कुठल्या गावची होती, देवदर्शनाला निघाली होती की लग्नाला, सगळं छापून येतं. गाडी किती वजन घेऊन उतारावर आली होती हे मात्र मी तरी घरच्या गाडीच्या एकाही बातमीत वाचलेलं नाही. ट्रक असला तर ओव्हरलोड होता म्हणून लगेच लिहितात, कार किंवा सात सीटर असली की वजनाचा विषयच निघत नाही. घरची गाडी भरल्यावर काट्यावर, म्हणजे गाड्यांचं वजन करायच्या वे-ब्रिजवर, एकदा घालून बघावी त्या विषयावर हे पत्र आहे, थोडं लांबलंय पण शक्य झाल्यास पूर्ण छापावं ही विनंती.

मी विट्याची, हायस्कूलला गणित-विज्ञान शिकवते. घरी शेती आहे आणि नणंद चिपळूणला दिलीय, त्यामुळं कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरणं आमच्या घरात वर्षानुवर्षं चालू आहे. त्या रस्त्यानं मोकळ्या हातानं कोण जात नाही. इकडनं जाताना शाळू, गहू, शेंगा, गूळ, तिकडनं येताना तांदूळ, नारळ, मे महिना असला तर आंब्याच्या पेट्या. लेकीच्या घरी रिकामं जायचं नाही ही आपल्याकडची रीत आहे आणि ती चांगलीच आहे, ती मोडा असं मी अजिबात म्हणणार नाही. पण पूर्वी ही पोती एसटीच्या टपावर जायची, एसटी ट्रकच्या चेसीवर बांधलेली आणि मागं डबल चाकं, तिला दोन पोत्यांचं काय वाटणार. आता तीच पोती आपल्या कारच्या डिकीत आणि वरच्या कॅरिअरवर जातात. आमच्या खानापूर-आटपाडी भागातले गलाईवाले, म्हणजे परराज्यात सोनं-चांदी गाळायचा धंदा करणारे, तर गावाकडच्या यात्रेला आणि दिवाळीला पार तमिळनाडू, केरळातनं अख्खं कुटुंब आणि सामान गाडीत घालून येतात, दिवस-रात्र ड्रायव्हिंग करत. त्यांची काळजी वाटते म्हणून लिहितेय, कुणाला नावं ठेवायला नाही.

आता आपल्या सातारा-सांगलीच्या माणसाला काटा म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाची ट्रॉली आधी खाजगी काट्यावर घेऊन मग कारखान्यावर नेणारे शेतकरी आहेत, दोन्ही पावत्यांत फरक दिसला की काटा मारला म्हणून आंदोलनं होतात, रास्त आहे ते, घामाचा पैसा आहे. मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यावर किलोभर इकडं तिकडं झालं तर हमालापासून अडत्यापर्यंत सगळ्यांना जाब विचारतो आपण. डेअरीत दुधाचा मिलिलिटर बघतो, बेदाण्याचा १५ किलोचा बॉक्स वजनाला कमी भरला तर परत करतो. ज्या गाडीत आपली म्हातारी आई, बायको-पोरं बसतात त्या गाडीचं भरलेलं वजन किती हे मात्र माहीत असणारा माणूस मला आमच्या अख्ख्या स्टाफरूममधे मिळाला नाही. कार काट्यावर चढते ती थेट भंगारात घालताना, किलोवर दर ठरवायला. तोवर कुणी तिचं वजन बघत नाही.

दिवाळीत भाऊबीजेला आम्ही चिपळूणला निघालो होतो. सात सीटर गाडी, सीएनजीवाली. पाच मोठी माणसं, दोन पोरं. मागची सीट अर्धी पाडून शाळूचं ५० किलोचं एक पोतं, गव्हाचं तसलंच एक, तेलाचा १५ किलोचा डबा, शेंगा आणि गूळ मिळून २० किलो, कपड्यांच्या बॅगा आणि फराळाचे डबे, वर कॅरिअरला गाद्या आणि नणंदेच्या पोरांसाठी जुनी सायकल ताडपत्रीत बांधून. भावजी म्हणाले, वहिनी सगळं बसलंय, चला. मी म्हणलं बसलंय ते दिसतंयच, पेलतंय का ते बघूया, जाताजाता काट्यावर घेऊ. दोन मिनिटं सगळे माझ्या तोंडाकडं बघत राहिले, पण सासूबाई म्हणाल्या तिला बघायचंय तर बघू द्या की, उशीर झाला तर झाला.

पहिल्या काट्यावर आम्हाला घेतलंच नाही. केबिनमधले गृहस्थ म्हणाले ओ मॅडम, हितं ऊस, खडी, वाळू, भंगार एवढंच घेतोय, कारचा काटा करून काय करताय, मागं ट्रॉल्यांची लाईन लागलीय. लाईन होती हे खरं आहे, त्यांच्याही धंद्याचा टाईम होता. पुढच्या काट्यावर एक तरुण मुलगा बसला होता, त्यानं कॉम्प्युटरमधे मालाच्या जागी इतर असं टाकलं आणि म्हणाला घ्या वर, नीट मधोमध घ्या. चहा-वड्याच्या पैशात काम झालं.

लाल आकड्यांच्या बोर्डावर १९१० आलं. गाडीच्या मॅन्युअलमधे सकल वजन, म्हणजे माणसं-सामान-इंधन सगळं धरून जास्तीत जास्त किती चालेल तो आकडा, १७९५ दिलेला आहे. म्हणजे ११५ किलो जास्त, घाट उतरायच्या आधीच. त्या मुलानं न सांगता एक शहाणपणा केला, म्हणाला ताई आता गाडी पुढं घ्या, फक्त मागची चाकं काट्यावर ठेवा. मागच्या चाकांवर १०९० भरलं. पुढच्या चाकांवर त्यामुळं ८२० राहिलं. भावजी खाली उतरून दोनदा बोर्ड बघून आले.

हा हिशोब प्रत्येकानं आपल्या गाडीपुरता करून बघावा म्हणून जरा फोडून सांगते. आमची गाडी मोकळी, सीएनजीच्या टाकीसकट, १२५० किलोच्या आसपास. १७९५ मधनं १२५० गेले, उरले ५४५. एवढ्यात माणसं पण आली आणि सामान पण. सात मोठी माणसं ६५ किलोची धरली तर ४५५ तिथंच संपले, सामानाला राहिले ९० किलो, म्हणजे माणशी १३ किलोसुद्धा नाही. सात सीटर म्हणजे सात माणसं अधिक डिकीभर सामान असं आपण धरून चालतो, कंपनी तसं म्हणतच नाही, आकडा पुस्तकात छापलेला आहे, आपण पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतनं बाहेर काढत नाही एवढंच. त्यात सीएनजी असली तर लोखंडी सिलिंडर आणि बाकीच्या जोडणीचं साधारण ८०-९० किलो वजन गाडीत कायमचं बसलेलं असतं, तेही मागच्या बाजूला. पेट्रोल गाडीला बाहेरनं सीएनजी किट बसवून घेतलेलं असेल तर अजूनच बघायला पाहिजे, कारण मागच्या स्प्रिंगा पेट्रोलच्याच हिशोबाच्या राहिलेल्या असतात. आमच्या गाडीत पोरं दोन होती म्हणून माणसांचं वजन ४०० वर थांबलं, नाहीतर आकडा दोन हजारांकडं गेला असता.

वरच्या कॅरिअरचं वेगळंच आहे. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या पुस्तकात टपावर ५० ते ७५ किलोपर्यंतच भार सांगितलेला असतो आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजन पण धरायचं असतं. टपावरचा भार उंचावर असतो म्हणून वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला जास्त कलते, हे घाटात चालवणाऱ्याला हाताला जाणवतं, आकडा माहीत नसला तरी.

मग आम्ही काय केलं तर दोन्ही पोती आणि कॅरिअर सामानासकट तिथंच उतरवलं, विट्यात ओळखीच्यांचा छोटा हत्ती दुसऱ्या दिवशी कराडला जाणार होता आणि तिथनं पुढं चिपळूणला जाणारा टेम्पो मिळाला. शाळू-गहू एक दिवस उशिरा पोचले, नणंदेला त्याचं काही वाटलं नाही. पोती आणि कॅरिअर उतरवून परत काटा केला तर १७५०. पुढच्या चाकांवर ८२० च होतं, तेवढंच. मागचं १०९० वरनं ९३० वर आलं. मी वर्गात तरफ शिकवते तेव्हा आता हेच उदाहरण देते. डिकीतलं पोतं मागच्या चाकाच्याही मागं असतं, ते मागचं टोक दाबतं आणि पुढचं टोक उचलायला बघतं, म्हणून कॅरिअर काढल्यानं पुढचं जेवढं कमी झालं तेवढं पोती काढल्यानं भरून आलं आणि काढलेलं सगळंच्या सगळं वजन मागनंच गेलं. पुढची चाकं हलकी झाली की स्टेअरिंग सैल लागतं, आणि आपल्याकडच्या बहुतेक कारना ओढणारी पण पुढचीच चाकं आणि ब्रेकचा जास्त भार पण पुढच्याच चाकांवर. ओल्या रस्त्यावर, पावसाळ्यात पाटणच्या पुढं पाऊस कायमच असतो, गाडी वळायच्या ऐवजी सरळ जाते ती याच्यामुळं.

आता टायरचं. टायरच्या बाजूला साईज लिहिलेली असते, समजा १८५/६५ आर १५, आणि तिच्या पुढं ८८ असा एक आकडा आणि एक अक्षर असतं. तो ८८ म्हणजे त्या एका टायरनं जास्तीत जास्त किती वजन पेलायचं त्याचा नंबर आहे. ८२ असेल तर ४७५ किलो, ८४ ला ५०० किलो, ८८ ला ५६०, ९१ ला ६१५. आमचे टायर ८८ चे, म्हणून मागच्या दोन टायरची मिळून ताकद ११२० आणि त्यावर बसलं होतं १०९०. वरवर बघता आत आहे, पण ती ताकद पूर्ण हवा असतानाची असते. हवा कमी असली की टायर तेवढं पेलत नाही, बाजूची भिंत दर फेऱ्याला दुमडते, गरम होते आणि शेवटी फुटते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो त्यात हवेचे दोन आकडे असतात, एक कमी माणसांचा आणि एक भरगाडीचा, भरगाडीला मागं जास्त हवा लागते. पंपावर आपण सगळीकडं तीस मारा म्हणतो आणि निघतो. परत कुणी स्वस्तात जुने टायर घेताना तो ८२-८४-८८ चा नंबर बघत नाही, रिंगला बसला की झालं.

घाट उतरताना वजनाचं काय होतं तेही सांगते कारण त्यातच जीव जातात. चढाला गाडी भरलेली असली तर इंजिन सांगतं, ओढत नाही, गियर पाडावा लागतो. उताराला इंजिन काही सांगत नाही, उलट गाडी आपणहून पळते आणि बरं वाटतं. गाडी वरनं खाली आली की तिच्या वजनाचा सगळा जोर कुठंतरी उष्णता होऊन जिरवावा लागतो, आपण गियरमधे असलो तर काही इंजिन जिरवतं, नाहीतर सगळा बोजा ब्रेकवर. वजन जेवढं जास्त तेवढी उष्णता जास्त, सरळ त्रैराशिक आहे. घाटमाथ्यावरनं पोफळीपर्यंत पाय ब्रेकवर ठेवून आलं की लायनर जळल्याचा वास येतो, ब्रेक ऑईल बरीच वर्षं बदललेलं नसलं तर त्यात ओल शिरलेली असते, ते उकळतं आणि पेडल खाली जातं, पाय फळीला टेकतो आणि गाडी थांबत नाही. हेच पसरणी घाटात, हेच आंबेनळीत, साताऱ्याहून कासला जाऊन येताना यवतेश्वरच्या उतारावर पण. जुनी ड्रायव्हर माणसं सांगायची की ज्या गियरमधे चढला त्याच गियरमधे उतर, त्यात फार मोठं शास्त्र आहे. पुण्याकडं न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारे आमच्या नात्यात पण आहेत, त्यांना मी दर लग्नात सांगते.

अजून एक बारीक गोष्ट आहे जी समोरच्याच्या जिवावर येते. मागं वजन जास्त झालं की गाडीचं नाक वर होतं आणि हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यात जातो. बहुतेक गाड्यांत स्टेअरिंगच्या उजव्या हाताला खाली ० ते ३ आकड्यांचं एक छोटं चाक असतं, भरगाडी असली की ते फिरवून लाईट खाली करायचा असतो. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना ते चाक कशाचं आहे हेच माहीत नव्हतं. रात्री कराड-विटा रस्त्यावर समोरनं येणाऱ्या गाडीला आपण डिपर मारत बसतो, त्यानं लाईट खालीच ठेवलेला असतो, वजनामुळं तो वर झालेला असतो.

काटा कसा करावा याबद्दल चार शब्द. आधी गाडी चढायच्या आत बोर्डावर शून्य आहे ना ते बघा, नसेल तर करायला सांगा. गाडी पूर्ण काट्यावर, इंजिन बंद, हँडब्रेक, आणि माणसं आतच बसलेली पाहिजेत, कारण माणसं हाच निम्म्याहून जास्त भार आहे. आमची पोरं आत उड्या मारत होती तर आकडा दहा-दहानं हलत होता, गप बसवल्यावर थांबला. मग पुढची चाकं खाली उतरवून फक्त मागची काट्यावर. त्याला काट्याच्या तोंडाशी जमीन सपाट पाहिजे, उतरता रॅम्प असेल तर गाडी कलते आणि हा दुसरा आकडा थोडा चुकतो, एकूण वजनाला त्यानं फरक पडत नाही. पावती जपून ठेवा, आणि एकदा गाडी मोकळी, टाकी फुल्ल, फक्त ड्रायव्हर असा पण काटा करून ठेवा, तो आकडा कायम उपयोगाला येतो, मग पुढच्या वेळी घरीच सामान साध्या काट्यावर मोजून बेरीज करता येते.

कुणी म्हणेल पन्नास-साठ टनाच्या काट्याला आपली कार काय कळणार. कळते. अशा काट्याचा टप्पा साधारण १० किलोचा असतो, म्हणजे आकडा १७५०, १७६० असा दहाच्या पटीत येतो, आणि नीट तपासलेला काटा कारच्या वजनाला पाच-दहा किलोपलीकडं चुकू नये असा नियमच आहे. आपल्याला शंभर किलोचा फरक शोधायचाय, त्याला हे भरपूर झालं. मोटारसायकल मात्र त्याच्यावर घेऊ नये. काट्यावर पट्टी असते तिच्यावर कमाल वजनासोबत किमान वजन पण लिहिलेलं असतं, १० किलोच्या टप्प्याला ते २०० किलो येतं, त्याखालच्या आकड्याला अर्थ नाही. आमच्या गल्लीतला एकजण बुलेट घेऊन चालला होता त्याला मी तेच सांगितलं.

कायद्याचं पण लोकांना वाटतं की ओव्हरलोडचा कायदा ट्रकलाच आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११३ मधे कुठलंही मोटार वाहन असे शब्द आहेत, नोंदणीत दिलेल्या सकल वजनापेक्षा जास्त भार घालून ते सार्वजनिक रस्त्यावर चालवायचं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली दंड २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, शिवाय जादाचा माल तिथंच उतरवून घ्यायची तरतूद. मला दंडाची भीती घालायची नाही, घरच्या गाड्या अडवून दंड करत बसा अशी मागणी तर मुळीच नाही, त्यानं लोक काट्यापासून अजून लांब पळतील. वडाप, म्हणजे माणसं भरून भाड्यानं नेणाऱ्या जीपांचं पण तेच, मागं फळीला लोंबकळणाऱ्या माणसांसकट एकदा जीप काट्यावर उभी करून आकडा त्या ड्रायव्हरला आणि माणसांना दाखवावा, पहिल्या वेळी दंड नको. आकडा बघितल्यावर माणसात फरक पडतो, आमच्या भावजींत पडलेला मी बघितलाय, आता ते स्वतः डिकीतलं सामान पुढच्या सीटमागं सरकवतात आणि हवा चेक केल्याशिवाय निघत नाहीत.

म्हणून माझं संबंधितांना सांगणं असं. काटा चालवणाऱ्या सगळ्या भाऊ-दादांना विनंती की कार आली तर परत पाठवू नका, हंगामात लाईन असेल तर दुपारची किंवा रात्रीची वेळ सांगा, पण घ्या, आणि कारचा दर बोर्डावर लिहा म्हणजे विचारायला लोक लाजणार नाहीत. वजनमापं खात्यानं, म्हणजे वैधमापनशास्त्र विभागानं, काट्यांची वर्षाला पडताळणी करायची असतेच आणि ते प्रमाणपत्र दिसेल असं लावायचं असतं, ते केबिनमधे फायलीत न राहता खरंच बाहेर दिसेल असं बघावं, उसवाल्या शेतकऱ्याला पण त्याचा फायदा आहे. महामार्गावर आनेवाडी आणि तासवडे इथं टोलनाके आहेत, टोलनाक्यावर मालगाड्यांच्या वजनाची सोय असते, तिथं बाजूला खाजगी गाडीवाल्याला दंडाची भीती न ठेवता फुकट वजन बघता येईल अशी व्यवस्था करायला काय हरकत आहे, पुण्या-मुंबईचे आपले लोक गणपतीला, दिवाळीला, यात्रेला त्याच रस्त्यानं येतात. कुंभार्ली घाटाच्या अलीकडं पाटण-कोयनानगरच्या बाजूला, आणि पसरणीच्या पायथ्याला वाईत, सुट्टीच्या दिवसांत आरटीओनं आणि पोलिसांनी मिळून एखाद्या काट्यावर असं शिबिर लावलं तर आमच्या शाळेची पोरं आकडे लिहून घ्यायला यायला तयार आहेत, मी मुख्याध्यापकांशी बोलून ठेवलंय.

ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी पण आठाचा आकडा काढायला शिकवतात तसं एकदा शिकाऊ माणसाला भरगाडी घेऊन काट्यावर न्यावं. आणि गाडी विकणाऱ्या शोरूममधे मायलेज, सनरूफ, मोठी स्क्रीन हे सगळं सांगतात, माणसं बसल्यावर सामानाला किती किलो उरतात हे विचारलं तर सेल्सच्या मुलाला सांगता येत नाही. ते आपण विचारायला लागलो तर तेही सांगायला लागतील.

शेवटची विनंती आपल्या पेपरला आहे. अपघाताची बातमी घेताना आपल्या बातमीदारांनी पोलिसांना गाडीच्या वजनाचं पण विचारावं, टायर कुठला होता, माणसं किती, टपावर काय होतं. आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात विटा, तासगाव, कराड, पाटण, वाई, सातारा इथले कुठले काटे कार घेतात आणि किती वाजेपर्यंत चालू असतात त्याची एक यादी छापावी. विट्यापुरती माहिती गोळा करून मी द्यायला तयार आहे.

आपली नियमित वाचक,
एक शिक्षिका, विटा, जि. सांगली